धुळ्याचं बिनपाटीचं गॅरेज आणि आमची जळता जळता वाचलेली अँबेसेडर

पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते ओघात येईल, आधी गाडीबद्दल.

आमची गाडी १९७७ ची मार्क ३ अँबेसेडर आहे. पेट्रोल, १४८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. माझ्या वडिलांची. ते अमळनेरला डॉक्टर होते आणि मारवड, शिरूड, कळमसरे या बाजूला पेशंट बघायला याच गाडीने जायचे. मला चालवायलाही त्यांनीच शिकवली. मी पुढे एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आठवीच्या वर्गात दर वर्षी फळ्यावर त्रिकोण काढायचा: इंधन, उष्णता, ऑक्सिजन. यातलं एक काढून घ्या, आग विझते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी मला वाईट वाटणार नाही.

२०२५ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० एप्रिलला होती. लेक धुळ्याला दिलेली. आखाजीला माहेरी यायचं ते आजोबांच्याच गाडीतून, हा तिचा लहानपणापासूनचा हट्ट. म्हणून दोन दिवस आधी सकाळी साडेनऊला आम्ही दोघं निघालो. गाव मागे पडेपर्यंत गाडीत पेट्रोलचा वास भरला होता. मी म्हटलं, वास येतोय. हे म्हणाले, "जुन्या गाडीला थोडा वास यायचाच." हे वाक्य आता आमच्या घरात बोलायला बंदी आहे.

धुळे रस्त्यावर पुढे एका चढाला गाडी ओढेनाशी झाली, दोनदा अडखळली, आणि बॉनेटखाली फटाक्याची लवंगी फुटावी तसं काहीतरी फुटलं. बॉनेटच्या डाव्या बाजूचा पांढरा रंग माझ्या डोळ्यांदेखत फुगला, तव्यावर पोळी फुगते तसा. मी गाडी बाजूला घेतली. इंजिन आपोआप बंद पडलं. मी खाली उतरले, पुढे धावले आणि बॉनेट सताड उघडलं.

एकतीस वर्षं शिकवलेला त्रिकोण! आतली आग हवेवाचून कशीबशी तग धरून होती, तिला मी दार उघडून दिलं. ज्वाळा माझ्या डोक्याच्या वर गेल्या. यांनी पाण्याची बाटली उपडी केली, तर पेट्रोल पाण्यावर तरंगत पेटतच खाली सांडलं आणि पुढच्या टायरपर्यंत गेलं. आग विझवायचं सिलिंडर होतं की! डिक्कीत, लेकीसाठी घेतलेल्या सामानाच्या खाली, २०११ साली घेतलेलं. ते निघेपर्यंत एक मिनिट गेलं आणि दाबल्यावर त्यातून फुस्स करून चिमूटभर पावडर आली. बाकीची आत दगडासारखी बसलेली.

शेजारच्या शेतातून एक जण घमेलं घेऊन धावत आला आणि बोलण्यात वेळ न घालवता काळी माती मारत सुटला. दुसऱ्याने ट्रॅक्टरवरची गोणपाटं भिजवून आणली. आग विझली तेव्हा यांच्या उजव्या हातावरचे केस आणि एक भुवई गेली होती, माझ्या दोन बोटांना फोड आले होते. सगळं मिळून चार-पाच मिनिटांत. त्या चार मिनिटांतली एक गोष्ट माझ्या कानात राहिली: इंजिन बंद पडलेलं असताना गाडीतून कुठूनतरी येणारा बारीक, शांत आवाज. टिक, टिक, टिक. तेव्हा काही कळलं नाही.

गाडी कुठे न्यायची हे आमच्या व्याह्यांनी ठरवलं. मी आधी ज्या गॅरेजला गाडी देत होते तिथे ती परत न्यायची माझी इच्छा नव्हती. त्यांचं नाव इथे लिहिणार नाही, कारण पुढे वाचाल. क्रेनने गाडी धुळ्याला आली, पारोळा रोडच्या बाजूला, ट्रकच्या बॉडी बांधणाऱ्यांच्या ओळीत. या गॅरेजला नावाची पाटी नाही. बाहेर एक निळी पद्मिनी मोटार विटांवर उभी असते, तीच खूण. आत भिंतीवर मात्र ऑइलपेंटने हातभर अक्षरांत लिहिलंय: "कार्बोरेटरला बाटलीने पेट्रोल पाजू नका." एवढं एकच वाक्य. (कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग.) ना देवाचा फोटो, ना 'उधार बंद'.

मिस्त्री साठीच्या जवळचे, अंगाने किरकोळ, बोलणं अहिराणी. पहिल्या दिवशी त्यांनी दहा मिनिटं गाडीला हातच लावला नाही. वाकून बघितलं, वास घेतला, खाली पुठ्ठा टाकून आडवे झाले, उठले. मग मला पहिलाच प्रश्न: "ताई, आग लागनी तवय चावी चालूच व्हती का?"

होती. मी उतरले, धावले, बॉनेट उघडलं, पण चावी फिरवली नव्हती.

त्यांनी वायरमन पोराकडून बॅटरी आणवली, दोन वायरी जोडल्या, आणि तोच आवाज आला. टिक, टिक, टिक. माझ्या अंगावर काटा आला. तो इलेक्ट्रिक पेट्रोल पंप होता. आधीच्या गॅरेजने दोन वर्षांपूर्वी बसवलेला आणि सरळ चावीच्या वायरीला जोडून दिलेला. इंजिनच्या फिरण्यावर चालणारा पंप इंजिनबरोबर बंद पडतो. हा चावी चालू आहे तोवर पेट्रोल ढकलत राहतो, पुढे इंजिन चालतंय की जळतंय याच्याशी त्याला घेणं नाही. त्या चार मिनिटांत आमच्या आगीला मागच्या टाकीतून ताजं पेट्रोल मिळत होतं, आणि ते मी पुरवत होते.

मग त्यांनी एका पत्र्यावर तीन वस्तू मांडल्या. मला हे गॅरेज आवडलं ते इथे. आजवर मी ज्या ज्या गॅरेजला गेले तिथे बदललेला पार्ट दाखवा म्हटलं की "भंगारात गेला" हेच उत्तर. इथे न विचारता दाखवतात, आणि हातात देतात.

पहिली वस्तू पाइपचा वीतभर तुकडा, पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारा. न जळालेला भाग. "हाऊ वाकाडी देखा," म्हणाले. मी वाकवला तर कडकन मोडला. "हाऊ रबर नही ऱ्हायना आते, पापड व्हई गया." बारकाईने बघितलं तर आतल्या बाजूने उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा. पेट्रोलचा पाइप नव्हताच तो. पाण्याला वापरतात तसला साधा. दुसरी वस्तू त्याच पाइपच्या तोंडाला बांधलेली बाइंडिंगची तार. क्लिप नाही, सळया बांधतात ती तार, पक्कडीने पिळलेली. चाळीस रुपयांची क्लिप वाचवली होती कोणीतरी. तिसरी वस्तू कार्बोरेटरमधली नीडल, जेमतेम नखाएवढी, आणि तिच्या टोकाला चिकटलेला तपकिरी कण. मी चष्मा लावला तेव्हा दिसला.

आगीचं मूळ तो कण. कार्बोरेटरच्या वाटीत फ्लोट असतो. पेट्रोल भरलं की तो वर येतो आणि नीडल भोक बंद करते, आपल्या गच्चीवरच्या टाकीतल्या कॉकसारखं. कण अडकला, नीडल बसेना, पंप ढकलतोय, वाटी भरून वाहायला लागली. आणि वाहून पेट्रोल जाणार कुठे? अँबेसेडरचं इंजिन मूळचं इंग्लंडच्या बीएमसी कंपनीच्या बी-सिरीजचं. त्याच्यात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनचा गरम धूर बाहेर नेणारा लोखंडी भाग) एकाच अंगाला, डावीकडे, आणि मॅनिफोल्ड बरोबर कार्बोरेटरच्या खाली. म्हणजे चुलीच्या वर घासलेटचा डबा टांगायचा आणि डबा गळणार नाही यावर विश्वास ठेवायचा. रंग डावीकडेच का फुगला ते तेव्हा कळलं.

पुढचं गणित माझ्या विषयातलं. पेट्रोलला वाफ व्हायला उन्हाची गरज नाही, उणे ४० अंशांच्या आसपासही ठिणगीला पेट घेण्याइतकी वाफ त्यातून निघते. ती वाफ हवेहून तिपटी-चौपटीने जड, त्यामुळे उडून जात नाही, बॉनेटखाली खोलगट जागा बघून साचते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ झाली की पेटायला पुरे. ठिणगी नसली तरी २५०-२८० अंशांवर ती आपण होऊन पेटते, आणि चढावर ओढणाऱ्या इंजिनचं मॅनिफोल्ड चारशेच्या पुढे सहज जातं. हे सगळं मला पाठ होतं. फक्त ते माझ्या गाडीत घडतंय हे माहीत नव्हतं.

कण आला कुठून, यावर मिस्त्रींनी टाकी उघडून दाखवली. जुन्या टाकीच्या पत्र्यावर वर्षानुवर्षांचा गंज आणि डिंकासारखा थर बसलेला असतो. साध्या पेट्रोलने तो जागेवर राहायचा. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. २०२२ मध्ये दहा टक्के झालं, २०२३ च्या फेब्रुवारीपासून वीस टक्क्यांचं यायला लागलं, आता पंपावर तेच मिळतं. इथेनॉल तो थर सोडवतं, हवेतलं पाणी ओढून घेतं त्यामुळे नवा गंज धरतो, आणि जुन्या रबराला आधी फुगवतं, मग पोखरतं. १९७७ साली ही गाडी बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही हे पेट्रोल नसणार. गंमत अशी की माझ्या दिराचा अर्धा मका हल्ली इथेनॉलवाल्यांकडेच जातो. घरचाच मका घरची गाडी पेटवायला आला, असं मी दिरांना सांगितलं. ते हसले नाहीत, मक्याच्या भावाबद्दल बोलायला लागले.

नवा पाइप त्यांनी मुंबईहून मागवला. त्यावर 'एसएई जे-३० आर-९' असं छापलेलं असतं. आतून वेगळं अस्तर असतं, इथेनॉलला टिकणारं. मीटरला साडेपाचशे रुपये, आम्हाला अडीच मीटर लागला. प्रत्येक जोडावर क्लिप, आणि ती सुद्धा कडेने रबर न कापणारी. टाकी धुऊन आतून लेप दिला, मध्ये फिल्टर टाकला. फिल्टर काचेचा नको म्हणाले. पारदर्शक काचेचे मिळतात, दिसायला छान, पण गरम इंजिनजवळ तडकले तर संपलं.

पंपाचं काम मात्र बघण्यासारखं. इलेक्ट्रिक पंप ठेवला, पण आता इंजिनमध्ये ऑइलचा दाब असेल तरच त्याला करंट मिळतो. इंजिन बंद पडलं की दाब उतरतो, पंप गप्प. शिवाय भंगारातल्या एका फोर्डमधून काढलेला एक बटणवाला स्विच लावला. धक्का बसला की आतला गोळा सुटतो आणि करंट तुटतो. मला दाखवायला त्यांनी तात्पुरती वायर जोडून पंप चालू केला, टिक टिक सुरू झालं, आणि त्या स्विचवर तळहाताने एक थप्पड मारली. आवाज तिथल्या तिथे थांबला. मी चार वेळा मारून बघितलं. तिथला हेल्पर पोरगा कंटाळून निघून गेला.

वायरिंगचं काम दुसऱ्या पोराने केलं. तिशीचा, कमी बोलणारा, कानात सदा इअरफोन. त्याने जुन्या वायरी उलगडून माझ्यासमोर जमिनीवर पसरल्या आणि मला माझीच गाडी नव्याने कळली. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. पुढचे शंभर वॅटचे दोन दिवे, कोणीतरी हौसेने बसवलेले, मूळच्या बारीक वायरींवर, रिले (जास्त करंट वेगळ्या वाटेने देणारा स्विच) न टाकता. बारा व्होल्टला दोनशे वॅट म्हणजे सोळा-सतरा अँपिअर. त्या वायरी इस्त्रीच्या वायरीसारख्या तापत असणार. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून वायरींचा जुडगा जातो, तिथलं रबरी बुश नाही. पत्र्याच्या धारेवर वायर घासून घासून तांबं दिसायला लागलेलं. हॉर्नची वायर बॅटरीवरून थेट, मध्ये काहीच नाही. कारची बॅटरी बाराच व्होल्टची, हात लावला तर मुंगीही येत नाही, म्हणून आपण तिला गरीब समजतो. पण शॉर्ट झाली तर तीच काहीशे अँपिअर सोडते.

आणि एक असं की जे मी आजवर कुठे ऐकलं नव्हतं. त्याने मला आत बसवलं, म्हणाला, "ताई, चोकच्या बटणाला हात लावून ठेवा." थंड इंजिन सुरू करताना ओढतात ते बटण. मग सेल्फ मारला, तीन-चार वेळा, लांब लांब. बटण कोमट झालं, मग चांगलं गरम. मी म्हटलं, हे तर नेहमीच होतं, इंजिनची धग येत असेल. तो म्हणाला, इंजिन तर थंड आहे. खरंच की. क्लचचं काम झालं तेव्हा इंजिनची अर्थिंगची पट्टी परत लावायची कोणीतरी विसरलं होतं. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं, बॉडीशी धातूने जोडलेलं नाही. सेल्फला शे-दीडशे अँपिअर लागतात, तो करंट परत जायला वाट शोधतो आणि मिळेल त्या तारेतून जातो. आमच्याकडे चोकची केबल मिळाली. कधीतरी ती लाल झाली असती, तीही कार्बोरेटरच्या शेजारी. हिवाळ्यात चोकचं बटण ऊबदार लागतं म्हणून वडील खूश व्हायचे ते मला आठवलं. म्हणजे पट्टी किती जुनी गेलेली असेल! नवी विणलेल्या तांब्याची पट्टी लावली, त्याचे एकशे ऐंशी रुपये.

शंभर वॅटचे दिवे परत लावायला त्याने सरळ नकार दिला. मी आग्रह केला नाही. बॅटरीजवळ करंट तोडणारा पितळी कट-ऑफ स्विच लावलाय, गाडी उभी केली की फिरवून टाकायचा. घरात गाडी लावली की हे आता तोच फिरवतात, गॅसचं बटण बंद केल्यासारखा.

कार्बोरेटरखाली मिस्त्रींनी स्वतःच्या डोक्याने पत्र्याची एक ताटली केली आणि तिला तांब्याची बारीक नळी लावून ती मॅनिफोल्डपासून दूर, खाली रस्त्याकडे काढली. वाहिलंच पेट्रोल, तर जमिनीवर वाहील. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग बदललं, तिथून ऑइल झिरपून मॅनिफोल्डवर पडत होतं. तो जळका वास मला इतका सवयीचा होता की तो गेल्यावर गाडीत काहीतरी कमी वाटलं. बॉनेटच्या आतलं जाड फेल्ट ऑइल पिऊन वातीसारखं झालं होतं, ते काढून टाकलं.

वाट बघत बसलं की गोष्टी ऐकायला मिळतात. शिरपूरकडच्या एका पद्मिनीत उंदरांनी कापूस आणून एक्झॉस्टच्या वर घर केलं होतं. आपल्याकडे कापूस घरात आला की उंदीर गाडीत येतो, हे त्यांचं निरीक्षण. पावसाळ्यात बंद ठेवलेली गाडी आधी बॉनेट उघडून बघायची, मग चावी. आणि भिंतीवरच्या वाक्याची गोष्ट: साक्रीकडची एक जीप, रस्त्यात पेट्रोल ओढत नव्हती. एअर फिल्टर काढला, एकाने बाटलीने कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतलं, दुसऱ्याने सेल्फ मारला. गाडीने बॅक मारला, ज्वाळा कार्बोरेटरमधून उलटी वर आली, आणि ओतणाऱ्याच्या हातात उघडी बाटली. एअर फिल्टर धूळ अडवतो एवढंच मला माहीत होतं. तो ही उलटी ज्वाळाही बऱ्यापैकी अडवतो. एवढं सांगून मिस्त्री थांबले. मी पुढे काय झालं ते विचारलं नाही. त्यांच्या डाव्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी वेगळी दिसते.

आता तक्रारी.

तीन आठवडे सांगितले होते, अकरा लागले. जुन्या गाडीचे पार्ट येत नाहीत हे मान्य. पण फोन उचलायला पार्ट लागत नाहीत. मी बुधवारी आणि शनिवारी फोन करायची, चारातला एक उचलला जायचा आणि "उद्या या" असं उत्तर यायचं. एकदा अमळनेरहून पस्तीसेक किलोमीटर येऊन बघितलं तर शटर बंद, कोणाचीतरी हळद. बसायला एक लाकडी बाक, पंखा तिथपर्यंत पोचत नाही, मे महिन्यात त्रेचाळीस अंशांत तिथे बसून बघा. बायकांसाठी बाथरूम नाही. शेजारच्या डॉक्टरीणबाईंच्या ओळखीने सोय झाली.

बॉनेटचा पांढरा आणि बाकी गाडीचा पांढरा वेगळे आहेत. उन्हात कळतं. मिस्त्री म्हणतात, दोन उन्हाळे गेले की एक होतील. मला तसं वाटत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ज्यासाठी तारा कापला. ज्या गॅरेजच्या भिंतीवर ते वाक्य आहे, तिथेच हेल्पर पोरगा उघड्या पत्र्याच्या परातीत पेट्रोल घेऊन सुटे भाग धुवत बसलेला, आणि वीस फुटांवर शेजाऱ्यांचं ट्रकच्या बॉडीचं वेल्डिंग चालू, ठिणग्यांचा पाऊस. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा उठून उभीच राहिले. मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, "ताई, तीस वरीस व्हई ग्यात." हे उत्तर मी जुन्या गाडीच्या वासाबद्दलही ऐकलंय. मी शाळेतला आवाज काढला. वीस वर्षांत काढला नव्हता, निघाला. पुढच्या खेपेला परात मागच्या अंगणात गेलेली दिसली, त्यात पेट्रोलऐवजी डिझेल होतं, आणि शेजारी वाळूची बादली. डिझेलला साध्या ठिणगीने धरायला जास्त तापावं लागतं, तेवढा तरी फरक. तुम्ही गेलात तर परात कुठे आहे ते बघा, पुढे आलेली दिसली तर बोला.

बिल एकाहत्तर हजार तीनशे. निम्म्याहून जास्त वायरिंग, डेंटिंग-पेंटिंग आणि मजुरी. हाताने लिहिलेलं, पण ओळ न् ओळ वेगळी, आणि विचारल्यावर पक्कं बिल दिलं. विम्यातून एक रुपया मिळाला नाही, कारण आमचा फक्त थर्ड पार्टी होता, त्यात स्वतःच्या गाडीचं जळणं येत नाही. नंतर विमा ऑफिसात चौकशी केली तेव्हा कळलं की थर्ड पार्टीला फक्त आग आणि चोरीची जोड देता येते, पूर्ण विमा न घेताही. जुनी गाडी असणाऱ्यांनी तेवढं विचारून बघा. एजंट आपणहून सांगत नाहीत, त्यात त्यांना फार मिळत नसावं.

गाडी ताब्यात देण्याआधी मिस्त्रींनी मला शेजारी बसवून भर दुपारी दोन वाजता लळिंगच्या चढावर नेली. किल्ल्याच्या पायथ्याशी गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून, बॉनेट उघडलं आणि खिशातून पांढरा रुमाल काढला. पेट्रोलच्या प्रत्येक जोडाखाली रुमालाचं एक एक टोक फिरवलं. टाकीपाशी, पंपापाशी, फिल्टरच्या दोन्ही तोंडांना, कार्बोरेटरला. मग रुमाल माझ्या हातात दिला. मी वास घेतला. घाम आणि तंबाखू, पेट्रोल नाही. हा रुमालाचा प्रकार मी आता दर पंधरा दिवसांनी स्वतः करते. माझा रुमाल वेगळा ठेवलाय.

आग विझवायच्या सिलिंडरबद्दल त्यांनी मला चांगलंच सुनावलं. आता दोन किलोचं एबीसी पावडरचं, आयएसआय शिक्क्याचं, ड्रायव्हरच्या सीटखाली पट्ट्याने बसवलंय, बसल्या जागी हात पोचतो. काटा हिरव्यात आहे ना बघायचं, महिन्यातून एकदा उलटं करून हलवायचं म्हणजे पावडर बसत नाही. आणि पुन्हा कधी पेटलीच तर: चावी बंद, सगळे बाहेर, बॉनेट आतल्या खटक्याने फक्त बोटभर सुटू द्यायचं, पूर्ण उघडायचं नाही, त्या फटीतून ज्वाळेच्या बुडाशी पावडर मारायची. एक सिलिंडर संपेस्तोवर विझली नाही तर गाडी सोडून लांब जायचं आणि ११२ किंवा १०१ फिरवायचा. सीटचा फोम पेटला की त्या धुरात विषारी वायू असतात, दोन-चार श्वासांत माणूस खाली बसतो. कागदपत्रं, पर्स, लेकीचं सामान, काहीही आणायला परत जायचं नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी यांच्याकडे बघून म्हटलं, कारण त्या दिवशी आंब्याची पेटी काढायला हेच परत गेले होते.

या आखाजीला लेक त्याच गाडीतून आली. खिडक्या उघड्या, वास कसलाच नाही.

तर जुनी गाडी असेल, वेळ असेल आणि फोन न उचलणाऱ्यावर चिडण्याची ताकद असेल तर इथे न्या. कामाची तारीख लिहून घ्या. पेंटिंग दुसरीकडे करा. चाकांच्या कॅपा मात्र देताना मोजून द्या. आमची मागच्या डाव्या चाकाची एक अजून त्यांच्याकडेच आहे, दर फोनला "शे ना, ठेयेल शे" (आहे ना, ठेवलेली आहे) म्हणतात.